रोजचा प्रवास : मुंबईची वाहतूक आणि आपली गावे



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘मुंबईची वाहतूक’ असल्याचे ऐकून माझ्या एका स्नेह्याने विचारले, “मुंबईच्या गाड्यांतली गर्दी साताऱ्या-सांगलीच्या मंडळींना सांगून काय होणार? ती ज्यांना सोसावी लागते ते सोसताहेतच.” प्रश्न रास्त आहे. त्याला माझ्याजवळ दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, मुंबईच्या गर्दीत आपलीच माणसे आहेत. पाटण, जावळी, वाई, शिराळा या बाजूंची किती घरे तीन-चार पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. दुसरे उत्तर असे की, मुंबईने जे दीडशे वर्षांत भोगले त्याचा आरंभ आता आपल्या गावांतही दिसू लागला आहे. शेजाऱ्याच्या घरी काय घडले हे नीट समजून घेतले तर आपल्या घरची डागडुजी वेळेवर करता येते.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. माणूस पोटासाठी रोज घरातून निघतो आणि रोज घरी परततो. हा प्रवास यात्रेसारखा नसतो आणि सोयरिकीच्या प्रवासासारखाही नसतो. त्यात हौस नसते. त्यात जाणारा वेळ ना कामाचा, ना विश्रांतीचा. असा वेळ माणूस किती देऊ शकतो? सीझर मार्चेटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली या प्रश्नाचा विचार मांडला. त्याचे म्हणणे असे की, वाहन कोणतेही असो, माणसे सामान्यतः दिवसाकाठी सुमारे एक तास जाण्यायेण्यात घालवतात. वाहन वेगवान झाले की माणूस वाचलेला वेळ घरी बसून घालवत नाही, तो घर लांब नेतो.

हे प्रमेय आपल्या जुन्या गावांना लावून पाहा. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. अर्धा तास जायला आणि अर्धा तास यायला धरला तर घर आणि काम यांत अडीच किलोमीटरांहून अधिक अंतर चालत नाही. सातारची जुनी वस्ती अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आणि सांगलीच्या जुन्या पेठा कृष्णेच्या काठाशी बहुतेक या मापातच बसतात. मंडईत जाणारी बाई, शाळेत जाणारे मूल आणि कचेरीत जाणारा कारकून हे सारे पायी पोहोचत. वाहतुकीचा प्रश्न तेव्हा नव्हता, याचे कारण गावच पावलांच्या मापाने बेतलेले होते.

मुंबईही आरंभी अशीच होती. कोट आणि त्याच्या उत्तरेच्या पेठा, एवढीच तिची दाट वस्ती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी गेली, परंतु ती रोजच्या कामकऱ्यासाठी नव्हती. शहराच्या आतल्या प्रवासासाठी ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली. ती घोडे ओढीत. कुलाब्याहून पायधुणीपर्यंतचे भाडे आरंभी तीन आणे होते, ते पुढे दोन आणे झाले. गिरणीतल्या माणसाची दिवसाची मजुरीच काही आण्यांची असताना रोजचे चार-सहा आणे तो कोठून आणणार? ट्राम कारकुनाची आणि व्यापाऱ्याची राहिली. ७ मे १९०७ रोजी ती विजेवर धावू लागली आणि १५ जुलै १९२६ रोजी मोटारबस आली, तरी गिरणगावातला कामगार पायीच राहिला.

येथे आपल्या माणसांची गोष्ट सुरू होते. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भिंतींना लागूनच चाळी उठल्या. घाटावरचा आणि कोकणातला माणूस त्या चाळींत आला. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा जण राहत. दिवसपाळीवाल्याचे अंथरूण रात्रपाळीवाल्याने वापरावे अशी दाटी होती. खोली वाईट होती, यात शंका नाही. परंतु भोंगा झाला की माणूस जिना उतरून काही मिनिटांत खात्यात हजर होई. खोलीच्या अडचणीच्या मोबदल्यात त्याला वेळ मिळे. भजनी मंडळ, तालीम, युनियनची सभा, गावकीची बैठक हे सारे त्या वाचलेल्या वेळेतून उभे राहिले. गिरणगावची संस्कृती आपण वाखाणतो. तिच्या मुळाशी कामाच्या ठिकाणापासून पायी अंतरावर राहण्याची ही सोय होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

दुसरीकडे मध्यमवर्गाचे घर लांब चालले होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची गाडी धावली आणि जानेवारी १९२८ पासून पश्चिमेकडे कुलाबा-बोरिवली मार्गावरही वीज आली. विजेच्या गाडीचा गुण असा की ती चटकन वेग घेते आणि चटकन थांबते. म्हणून स्टेशने जवळजवळ ठेवता येतात व गाड्या थोड्या-थोड्या मिनिटांनी सोडता येतात. दादर, माटुंगा, पार्ले, मुलुंड, पुढे ठाणे, डोंबिवली, कल्याण, वसई, विरार अशी वस्ती रुळांच्या कडेने सरकत गेली. आज चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर आहे. मार्चेटीचा एक तास येथे केव्हाच मागे पडला.

आता गर्दीचे गणित पाहू, कारण तेच नीट समजत नाही. लोक म्हणतात, “गाड्या वाढवा म्हणजे झाले.” मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिणोत्तर पसरलेली चिंचोळी पट्टी, तिन्ही बाजूंना पाणी, आणि जुन्या कचेऱ्या, बंदर व पेढ्या एका टोकाला. सकाळी सारे दक्षिणेला जाणार, संध्याकाळी सारे उत्तरेला. बारा डब्यांच्या गाडीत बसायला सुमारे बाराशे जणांची सोय असते. गर्दीच्या वेळी तिच्यात चार ते पाच हजार माणसे असतात. एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी, ही दाटी रेल्वेच्या स्वतःच्या हिशेबातली आहे. एवढी जागा म्हणजे आपल्या घरातला एक लहान चौरंग मांडण्याची जागा.

एकामागून एक गाड्या तीन-चार मिनिटांनी सुटतात. त्याहून जवळ का सोडत नाहीत? भरधाव गाडीला थांबायला लांबलचक अंतर लागते. तेवढी मोकळी जागा दोन गाड्यांत ठेवावीच लागते, आणि सिग्नलांची मांडणी त्यासाठीच असते. शिवाय स्टेशनात चढण्या-उतरण्याला वीस-तीस सेकंद लागतात. गर्दी जेवढी जास्त तेवढा हा वेळ वाढतो, आणि मागची गाडी अडते. शेवटच्या स्टेशनात गाडी रिकामी होऊन उलटी फिरायलाही फलाट हवा. त्यात कल्याणच्या बाजूला लांब पल्ल्याच्या गाड्याही त्याच परिसरातून काढाव्या लागतात. म्हणून नव्या गाड्यांपेक्षा नवे रूळ आणि सुधारलेले सिग्नल अधिक महत्त्वाचे ठरतात, आणि दाट वस्तीतून नवे रूळ घालणे हे पिढीचे काम असते.

तरीही या गाडीचे सामर्थ्य विसरू नये. तासाला पंधरा गाड्या आणि प्रत्येकीत साडेचार हजार माणसे धरली तर एका रुळावरून सुमारे ६७ हजार माणसे जातात. मोटारींच्या रस्त्याची एक मार्गिका घ्या. तिच्यातून तासाला दीड-दोन हजार मोटारी जाऊ शकतात, आणि मोटारीत सरासरीने दीड माणूस धरला तर तीन हजार माणसे झाली. एका रुळाचे काम करायला रस्त्याच्या वीसहून अधिक मार्गिका लागतील. मुंबईत तेवढी जमीनच नाही. वाहतूक किती वाहनांची झाली हे मोजू नये, किती माणसांची झाली हे मोजावे, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे. मुंबईने ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम थांबवली, तेव्हा ती मोटारींच्या वाटेत येते ही तक्रार होती. ट्राम गेली, पण रस्ता मोकळा झाला नाही. रिकामी झालेली जागा नव्या मोटारींनी भरून टाकली.

आता गिरणगावाकडे परत येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागेवर कचेऱ्यांचे मनोरे व बाजार उभे राहिले. ज्या भागात माणसे राहत आणि पायी कामाला जात, त्या भागात आता बाहेरून माणसे येऊ लागली. घडले ते उफराटे होते. चाळीतले कुटुंब डोंबिवली-विरारकडे गेले किंवा गावी परतले, आणि लोअर परळच्या कचेरीतला कारकून तासाभराच्या प्रवासाने तेथे येऊ लागला. स्टेशने, जिने आणि पूल मात्र जुन्याच मापाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस पडत असताना त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसे मरण पावली. दोष पावसाचा नव्हता. जमिनीचा उपयोग बदलला, आणि त्यावर माणसे येणार कशी याचा हिशेब कोणी केला नव्हता.

असाच धडा वाशीचा आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली, परंतु खाडी ओलांडून रेल्वे वाशीला पोहोचली १९९२ साली. मधल्या बावीस वर्षांत मुंबईतला घाऊक बाजार वाशीला गेला. त्या बाजारात पाठीवर ओझे वाहणारा माथाडी कामगार बराचसा आपल्याच जिल्ह्यांतला. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९ सालचा माथाडी कायदा हे त्या चळवळीचे फळ. कायद्याने मजुरीला संरक्षण मिळाले. परंतु बाजार हलला तेव्हा त्या माणसाला खाडीपलीकडे जाण्यात जो वेळ गेला, त्याचे संरक्षण कोणत्याच कायद्यात नव्हते.

माझे मुख्य म्हणणे येथे आहे. प्रवासाचे भाडे दोन नाण्यांत द्यावे लागते : एक पैशाचे आणि दुसरे वेळेचे. पैशाचे भाडे वाढले की मोर्चा निघतो, वर्तमानपत्रात बातमी येते. वेळेचे भाडे मात्र मुकाट्याने कापले जाते. हिशेब करून पाहा. रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला, वर्षाचे तीनशे कामाचे दिवस, म्हणजे नऊशे तास. आठ तासांचा दिवस धरला तर एकशे बारा दिवस झाले. वर्षातले जवळजवळ चार महिने माणूस बिनपगारी राबतो. त्यातही कोण जास्त राबतो? ज्याला कामाजवळ घर घेण्याची ऐपत नाही तो. बाईच्या वाट्याला हे आणखी जड येते, कारण गाडीआधीचा आणि गाडीनंतरचा स्वयंपाक तिच्याकडेच असतो. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू झाली, तेव्हा अनेकींना बसून भाजी निवडण्याइतकी जागा मिळाली, आणि तीही मोठी सुधारणा वाटली! काही जण तर प्राणाचे मोल देतात. रुळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि अशा अन्य कारणांनी मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत.

बसची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याला अधिक जवळची आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ‘बेस्ट’ ताब्यात घेतली. वीज आणि बस ही दोन्ही कामे एकाच घरची असल्याने विजेच्या मिळकतीतून बसचा तोटा भरून निघे. २००३ च्या वीज कायद्यानंतर, विजेच्या ग्राहकाने बसचा भार का सोसावा असा प्रश्न उभा राहिला आणि तो आधार सुटत गेला. २०१० च्या सुमारास चार हजारांवर असलेल्या बसगाड्या २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आल्या, त्याही बहुतेक भाड्याने घेतलेल्या. आता एक साधा नियम ध्यानात घ्या. दहा मिनिटांनी बस असेल तर उतारूला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. अर्ध्या तासाने असेल तर पंधरा मिनिटे. बस कमी केली की थांबणे वाढते, थांबणे वाढले की ज्याला परवडते तो दुचाकी घेतो, उतारू घटले की उत्पन्न घटते, आणि उत्पन्न घटले म्हणून आणखी बस कमी होते. हे रहाट एकदा उलटे फिरू लागले की थांबवणे कठीण.

आता आपल्या गावांकडे वळू. येथील वाहतुकीचा इतिहासही बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे रेल्वे आली ती सातारा शहराला दूर ठेवून. स्टेशनाला नाव मिळाले ‘सातारा रोड’. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ याचा अर्थ, येथून त्या गावाला रस्ता जातो, गाव मात्र येथे नाही! सांगलीची गोष्ट याच्या उलट. तिच्या पोटापर्यंत मीटरमापी शाखा आली होती. १९७१ च्या सुमारास रुंद रूळ आले तेव्हा ती बंद पडली आणि सांगलीचे स्टेशन मुख्य मार्गावर, जुन्या गावाबाहेर गेले. एकूण काय, दोन्ही गावांचा रोजचा आधार एसटीच राहिली.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे ती वाडीवस्तीपर्यंत पोहोचली. या एसटीत एक अशी रीत आहे की तिचे शहाणपण आपण कधी ओळखले नाही. ती म्हणजे मुक्कामाची गाडी. खेड्यातल्या माणसाला सकाळी गावाकडून शहराकडे यायचे असते. गाडी पहाटे शहरातून सुटली तर ती रिकामी जाणार. म्हणून ती रात्रीच गावात जाऊन मुक्काम करते. चालक-वाहक देवळात किंवा शाळेत पथारी टाकतात, आणि पहाटे दूधवाला, विद्यार्थी, रोजंदार यांना घेऊन गाडी निघते. एकाच दिशेच्या गर्दीचा जो प्रश्न मुंबईला अजून सुटला नाही, त्याला खेड्यापुरते इतके साधे उत्तर एसटीने काढले होते. साताऱ्यात, कराडात शिकणाऱ्या किती मुलांचे जेवणाचे डबे याच गाडीने आले! कापडी पिशवीवर नाव लिहून आईने वाहकाच्या हाती डबा द्यावा आणि मुलाने स्टँडवर तो ओळखून घ्यावा. रयतेच्या पोरांच्या शिक्षणात शाळेच्या बरोबरीने या डब्याचा आणि त्या गाडीचाही वाटा आहे.

सांगली-मिरज रस्त्याची गोष्ट तर याहून सुदैवाची. १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय निघाले ते दोन गावांच्या मधल्या माळावर, आणि १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच बाजूला आले. विद्यार्थी दोन्ही टोकांकडून मध्याकडे येतात. रोगी आणि त्यांची माणसे मिरजेकडे जातात, बाजार आणि कचेरीसाठी माणसे सांगलीकडे येतात. म्हणजे येथे सकाळी दोन्ही दिशांना गर्दी असते. बसच्या दृष्टीने यासारखा मार्ग शोधून सापडणार नाही, कारण कोणतीच फेरी रिकामी जाण्याचे कारण नाही. मुंबईला निसर्गाने जे नाकारले ते आपल्याला इतिहासाने आयते दिले आहे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली. कागदावर ही तीन गावे एक झाली. ती खरोखर एक होतात ती रस्त्यावर.

आणि रस्त्यावर आपण काय पाहतो? दुचाकीच दुचाकी. मी दुचाकीवाल्याला दोष देत नाही. बसची वेळ ठाऊक नसेल, थांब्यावर सावली नसेल, तर तो काय करणार? परंतु दुचाकी चालवू न शकणारे गावात किती आहेत याचा विचार करा. शाळा-कॉलेजातली मुले, म्हातारी माणसे, डोळ्यांचे रोगी, घरात एकच गाडी असलेली आणि ती नवऱ्याकडे असलेली गृहिणी. शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य केला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट दिले. पैशाचे नाणे हलके झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण वेळेच्या नाण्याचे काय? संध्याकाळची शेवटची गाडी जर तास संपण्याआधी सुटत असेल, तर अर्ध्या तिकिटाने ती मुलगी घरी पोहोचत नाही. दोन-चार वेळा उशीर झाला की घरचे म्हणतात, “पुरे झाले शिक्षण.” वेळापत्रकातल्या एका ओळीवर एका मुलीचे शिक्षण टिकते किंवा तुटते. ही अतिशयोक्ती नव्हे, डोंगरी तालुक्यांतल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा.

मग करावे काय? मी तीन गोष्टी सुचवतो, आणि तिन्हींना भुयारे खणावी लागत नाहीत. नवी वसाहत, नवे रुग्णालय किंवा नवी कचेरी मंजूर करताना तेथे बस कशी जाणार हे आधी लिहून मागावे. वाशीची बावीस वर्षे आपल्याला नकोत. दुसरे, थोड्या मार्गांवर का होईना, गाड्या इतक्या नियमित ठेवाव्यात की वेळापत्रक पाहण्याची गरज पडू नये. दहा मार्गांवर दिवसातून चार फेऱ्या देण्यापेक्षा सांगली-मिरज यासारख्या एका मार्गावर दहा मिनिटांनी गाडी देणे बसला उतारू मिळवून देते. तिसरे, पायी चालणाऱ्याला वाट ठेवावी. बसचा प्रत्येक उतारू आधी पादचारी असतो, आणि नंतरही.

शेवटी आपणा सर्वांना एक छोटे काम सांगून ठेवतो. या आठवड्यात एखाद्या सकाळी विश्रामबागच्या चौकात किंवा सातारच्या पोवई नाक्यावर वहीपेन्सिल घेऊन एक तास उभे राहावे. गेलेली वाहने आणि त्यांतली माणसे वेगवेगळ्या रकान्यांत मांडावीत. मोटारी किती आणि त्यांत माणसे किती, बस किती आणि तीत माणसे किती. थांब्यावरचा उतारू किती वेळ थांबला तेही घड्याळ लावून लिहावे. ती वही घेऊन आपल्या नगरसेवकाकडे आणि आगारप्रमुखांकडे जावे. रस्ता अरुंद आहे एवढी तक्रार त्यांनी पुष्कळ ऐकली आहे. त्या रस्त्यावर कोणाचा किती वेळ खर्च होतो, हा हिशेब मात्र त्यांच्यापुढे अजून कोणी फारसा ठेवलेला नाही.